पोहण्याचा हौद आणि आपली मुले

महोत्सवी अंकात संस्थेच्या कार्याचा आढावा, देणगीदारांची नामावली व थोरामोठ्यांच्या शुभेच्छा ही असतातच. त्यांच्या जोडीला घरोघर उपयोगी पडेल असाही एखादा लेख असावा, या हेतूने प्रस्तुत विषय निवडला आहे. विषय प्रथमदर्शनी श्रीमंती थाटाचा वाटेल. ‘आमच्या घरी कुठला आला पोहण्याचा हौद?’ असे पुष्कळ वाचक म्हणतील, आणि ते खरेही आहे. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सुरतेची राहणी किती पालटली, ते पाहावे. डुमस, कामरेज, ओलपाड या वाटांनी ठिकठिकाणी शेतवाड्या उठल्या. त्यांना आपण सर्वजण फार्महाऊस म्हणतो. एका दिवसाच्या भाड्याने त्या सहज मिळतात. हिवाळ्यात पोंक खाण्याच्या निमित्ताने, उन्हाळ्याच्या सुटीत, ईदच्या दुसऱ्या दिवशी किंवा साखरपुड्याच्या समारंभासाठी चाळीस-पन्नास माणसे तेथे जमतात. अशा बहुतेक वाड्यांत निळ्या फरशीचा एक हौद असतोच. नव्या सोसायट्यांच्या आवारांतही तो दिसू लागला आहे. तात्पर्य, हौद आपल्या मालकीचा नसला तरी आपली मुले त्याच्या काठावर येऊन पोहोचली आहेत. काठावर कसे वागावे, हे मात्र अजून आपल्या अंगवळणी पडलेले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये बुडण्याच्या अपघातांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात २०२१ या एका वर्षात जगभर सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली, असा अंदाज दिला आहे. त्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतील बालकांचा होता. नदी, समुद्र, विहीर, तळे, हौद असे सर्व प्रकारचे पाणी यात आले. या आकड्यांनी घाबरून जाऊन मुलांना पाण्यापासून तोडावे, असे सांगण्याचा येथे मुळीच हेतू नाही. पोहणे हा उत्तम व्यायाम आहे व निर्मळ आनंदही आहे. प्रश्न आहे तो एवढाच की, हा आनंद निर्धोक कसा करावा.

जुन्या टाक्याचा धडा

आपल्या पूर्वजांना घरातील पाण्याचे भान किती होते, ते पाहायचे असेल तर जुन्या सुरतेतील, रांदेरमधील किंवा भरूचमधील एखादे जुने घर पाहावे. अशा कित्येक घरांच्या चौकाखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टाके असे. छपरावरचे गोड पाणी पन्हळीने त्यात उतरे आणि वर्षभर पिण्याच्या उपयोगी पडे. टाके आतून चांगले खोल व ऐसपैस. पण त्याचे तोंड मात्र भांडे आत जाईल इतपतच ठेवीत, आणि त्यावर घट्ट झाकण असे. पाणी काढून झाले की झाकण लागलेच पाहिजे, हा घरातील बायकांचा शिरस्ता. धूळ व उजेड आत जाऊ नये, हा त्यातील मुख्य हेतू. पण त्यायोगे रांगते मूल त्या खोल पाण्यापासून आपोआप दूर राहत असे.

आजचा पोहण्याचा हौद म्हणजे झाकण काढलेले टाकेच होय. पाणी तेवढेच खोल, परंतु तोंड पुरे वीस-पंचवीस फूट लांब आणि बारा महिने उघडे. या लेखातील सगळ्या सूचनांचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे, की ज्या पाण्याचा आपण या घटकेला उपयोग करीत नाही, त्या पाण्यावर कोणत्या ना कोणत्या रीतीने झाकण असले पाहिजे.

हौद धोक्याचा केव्हा असतो?

मुले पाण्यात धिंगाणा घालीत असतात, तीच धोक्याची वेळ, असा सामान्य समज आहे. लहान बालकांच्या बाबतीत तो बराचसा चुकीचा आहे. अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने तेथील तीन राज्यांत घरच्या हौदांत बुडालेल्या पाच वर्षांखालील मुलांच्या प्रसंगांची पाहणी केली होती. शंभरापैकी ६९ प्रसंगांत ते मूल त्या वेळी हौदात किंवा हौदाजवळ असेल, अशी घरच्यांची कल्पनाच नव्हती. कोणाला ते अंथरुणात वाटले, कोणाला ओसरीवर. शंभरापैकी ७७ मुले नजरेआड होऊन पाच मिनिटे किंवा त्याहूनही कमी वेळ झाला होता. शंभरातील ७५ मुले एक ते तीन वर्षांची होती. म्हणजे पाय फुटलेली, पण समज न आलेली.

आपल्याकडील सहलीचा दिवस नजरेसमोर आणा. सकाळी सर्व मंडळी पाण्यात असतात. तेव्हा दहा डोळे मुलांवर असतात. मग ताटे मांडली जातात, सगळे ओले कपडे बदलून जेवायला बसतात, काहीजण आडवे होतात. हौद त्याच ठिकाणी उघडा असतो. पाण्यावर एखादा रंगीत चेंडू किंवा हवेची ट्यूब तरंगत राहिलेली असते. दोन वर्षांचे मूल ती घ्यायला काठावर वाकते. याच अर्ध्या तासाला खरी जोखीम आहे. म्हणून पोहणे संपताच सर्व खेळणी पाण्याबाहेर काढून नजरेआड ठेवावीत, आणि घरात मूल दिसेनासे झाले तर खोल्या, झाडे, गाडी हे सगळे नंतर पाहावे. प्रथम हौद पाहावा.

बुडणारे मूल ओरडत नाही

चित्रपटात बुडणारा मनुष्य हात हलवतो, ‘वाचवा, वाचवा’ म्हणून हाका मारतो. प्रत्यक्षात बहुधा तसे घडत नाही. फ्रँक पिया या अमेरिकन जीवरक्षकाने न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर अशा प्रसंगांचे चित्रीकरण करून त्यांचा अभ्यास केला. त्याला असे दिसले की, बुडणाऱ्याचे तोंड क्षणभर पाण्यावर येते आणि पुन्हा खाली जाते. तेवढ्या अवकाशात श्वास घेणेच कसेबसे साधते. शब्द उच्चारायला हवा उरत नाही. हात वर करून हलविण्याऐवजी ते आपसूक दोन्ही बाजूंस पसरून पाणी खाली दाबू लागतात. शरीर उभे राहते, पाय चालत नाहीत. ही धडपड साधारण २० ते ६० सेकंद चालते आणि मग सारे शांत होते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ‘आवाज आला की धावू’ या भरवशावर बसू नये. कारण आवाज येणारच नाही. दुसरी गोष्ट, दंगा करणारे मूल एकाएकी गप्प झाले, त्याचे डोके मागे कलले, तोंड पाण्याच्या रेषेशी आले, तर त्याला हाक मारावी. उत्तर आले नाही, तर विचार करीत बसू नये.

राखण कोणी करावी?

‘सगळे आहेत की तेथे’ हे वाक्य फार फसवे आहे. सगळे असतात तेव्हा प्रत्येकाला वाटते की दुसरा पाहत असेल. आम्ही शिक्षक मुलांची सहल नेतो, तेव्हा प्रत्येक तुकडीला एक नाव ठरवून देतो. हाच नियम कुटुंबाच्या सहलीलाही लावावा. एका वेळी एकच प्रौढ माणूस पाण्याचा राखणदार म्हणून नेमावा. त्याने पंधरा-वीस मिनिटे मोबाइल खिशात ठेवावा, गप्पांत रमू नये, पोहायलाही उतरू नये, नुसते पाहावे. वेळ संपली की ‘आता तुझी पाळी’ असे स्पष्ट शब्दांत दुसऱ्याला सांगूनच उठावे. गळ्यात एखादी शिट्टी किंवा रंगीत रुमाल असला म्हणजे पाळी कोणाची हे सर्वांना कळते. पाच वर्षांखालील मूल पाण्यात असेल, तर मोठे माणूस त्याच्यापासून हातभर अंतरातच असावे. ही कामगिरी बारा-तेरा वर्षांच्या बहिणीवर सोपवू नये.

हवेच्या ट्यूबा व दंडातील फुगे ही खेळणी होत. ती संरक्षणाची साधने नव्हेत. हवा निघते, ट्यूब उलटते, मूल खालून निसटते. खरे लाइफ जॅकेट अंगाला बांधलेले असते व तोंड पाण्यावर धरते. बडोद्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका यांचा अंत झाला. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसविली होती आणि सर्वांना जॅकेटे दिलेली नव्हती, असे पुढे आले. पाण्याच्या ठिकाणी ‘थोडे पुढेमागे चालेल’ ही वृत्ती काय किंमत वसूल करते, याचा हा आपल्याच राज्यातील दाखला होय.

हौदाचे झाकण म्हणजे कुंपण

राखणदार कितीही दक्ष असला तरी माणूसच आहे. त्याची नजर हुकेल त्या घटकेसाठी आडकाठी हवी. ऑस्ट्रेलियात घरोघर हौद असतात आणि तेथे हौदाभोवती कुंपण घालणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या कुंपणाची मापे आपल्याकडील गवंड्यालाही सहज समजतील अशी आहेत. उंची किमान १२० सेंटिमीटर, म्हणजे चार फूट. खालची फट व दोन उभ्या गजांमधील अंतर १० सेंटिमीटरहून अधिक नको. फाटक हौदाच्या बाहेरच्या अंगास उघडणारे असावे, म्हणजे मुलाने ढकलले तर ते आत न उघडता मिटेल. त्याला स्प्रिंग असावी आणि खिट्टी उंचावर असावी. आडवे गज नसावेत. कारण आडवा गज म्हणजे मुलासाठी शिडीच. कुंपणाजवळ खुर्ची, कुंडी किंवा पाण्याचा कॅन ठेवू नये, हे त्याच कारणास्तव.

आणखी एक बारकावा महत्त्वाचा आहे. कुंपण चारही बाजूंनी असले पाहिजे. आपल्याकडे पुष्कळदा वाडीच्या भिंती तीन बाजूंना असतात आणि चौथ्या बाजूस बंगल्याची ओसरी थेट हौदाकडे उघडते. मालकाला वाटते, हौद बंदिस्त आहे. पण मूल रस्त्यावरून येत नाही, ते घरातूनच येते. परदेशांतील अभ्यासांवरून असे दिसले आहे की, घरापासून हौद वेगळा काढणारे चौफेर कुंपण हे नुसत्या बाहेरच्या कुंपणापेक्षा कितीतरी पटीने अधिक बचाव करते. ज्यांना पक्के कुंपण परवडत नाही, त्यांनी निदान खांबांना ताणून बसविण्याचे जाळीचे कुंपण करावे. हौदावर नुसते सैल प्लॅस्टिक पसरू नये. त्यावर पाय पडला तर मूल त्यात गुरफटते आणि वरून दिसतही नाही.

रखवालदाराचे मूल

येथे एक गोष्ट आपल्या ट्रस्टच्या सभासदांपुढे मुद्दाम मांडावीशी वाटते. आपण त्या वाडीवर एक दिवस राहतो. वर्षाचे उरलेले दिवस त्या हौदाच्या काठी कोण राहते? वाडीचा रखवालदार व त्याचे बिऱ्हाड. डांग, नंदुरबार, दाहोद अशा बाजूंनी आलेली ही गरीब कुटुंबे एखाद्या खोलीत राहतात. बाप बागेच्या कामात, आई पाहुण्यांची भांडी घासण्यात, आणि दोन-तीन वर्षांचे पोर अंगणात मोकळे. पाहुणे गाड्यांत बसून निघून जातात, तेव्हा हौद भरलेला, फाटक सताड उघडे आणि तरंगणारा चेंडू तसाच. आपली मुले सुखरूप घरी आली म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे समजू नये. निघण्यापूर्वी पाण्यातील वस्तू काढून, फाटकाची कडी घालून, रखवालदाराला तसे सांगूनच निघावे. ज्यांची स्वतःची वाडी आहे त्यांनी तर कुंपणाचा खर्च आपल्या नातवंडांसाठी जितका, तितकाच या पोरांसाठी आहे, असे मानावे. दानधर्माच्या यादीत हा खर्च लिहिला जाणार नाही. पण त्याचे मोल एखाद्या मोठ्या देणगीहून कमी नाही.

पाण्यातील अदृश्य धोके

हौदात उतरण्यापूर्वी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. पहिली, पाणी. काठावर उभे राहिल्यावर तळाची जाळी स्वच्छ दिसली पाहिजे. गढूळ किंवा हिरवट पाण्यात खाली गेलेले मूल दिसतच नाही. असा हौद पुकट मिळाला तरी वापरू नये. दुसरी, खोली. पुष्कळ हौद एका टोकाला तीन फूट व दुसऱ्या टोकाला पाच-सहा फूट असतात. उतार हळूहळू असल्याने चालणाऱ्या मुलाला तो कळत नाही. खोली सुरू होते तेथे आडवी दोरी बांधावी. उथळ पाण्यात डोक्याकडून सूर मारणे सर्वांनाच वर्ज्य समजावे. तळावर डोके आपटून मानेचे हाड मोडले तर तरुण मुलगा जन्माचा अपंग होतो.

तिसरी, तळाची जाळी. पंप त्या वाटेने पाणी ओढतो. जाळी तुटलेली असेल तर ती ओढ केस, कपडा किंवा अंगच धरून ठेवते, आणि मोठ्या माणसालाही ती पकड सुटत नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ साली अशाच ओढीत सापडून मरण पावली. तिच्या आईने चिकाटीने पाठपुरावा केला आणि २००७ साली तिच्या नावाने तेथे कायदा झाला. आपण एवढे तरी करावे. जाळी शाबूत आहे का ते विचारावे, पंपाचे बटण कोठे आहे ते पाहून ठेवावे, आणि मुले पाण्यात असताना पंप बंद ठेवण्यास सांगावे.

चौथी, श्वास कोंडण्याच्या पैजा. मोठी मुले ‘कोण जास्त वेळ खाली राहतो’ अशी शर्यत लावतात व त्यापूर्वी भराभर खोल श्वास घेतात. त्यामुळे रक्तातील कर्बवायू घटतो. श्वास घ्यावा ही तळमळ त्या वायूमुळेच होत असते. ती उशिरा होते, आणि तोवर मेंदूचा प्राणवायू संपून मुलगा पाण्यातच बेशुद्ध पडतो. चांगल्या पोहणाऱ्यालाही हा अपघात होतो. म्हणून ही पैज कडकपणे बंद करावी.

पाचवी, वीज. समारंभासाठी आणलेल्या दिव्यांच्या माळा व गाण्याची पेटी हौदापासून दूर असावीत. वाडीच्या वीजपाटीवर ३० मिलिअँपिअरचे गळती-रक्षक बटण, ज्याला वायरमन आरसीसीबी म्हणतात, ते बसविलेले असावे. विजेचा झटका लागत असल्याची शंका आली, तर प्रथम मुख्य बटण बंद करावे. पाण्यात हात घालू नये.

आपल्या भगिनींसाठी एक सूचना. अंगभर कपडे घालून पाण्यात उतरण्यास काहीच हरकत नाही; पण ओढणी, घेरदार सलवार किंवा साडी यांनी पाण्यात पाय जखडतात. अंगाबरोबर बसणारे, पूर्ण झाकणारे, पोहण्यासाठीच शिवलेले कपडे मिळतात, ते वापरावेत. केस घट्ट बांधावेत.

कोणी बुडू लागले तर

अशा वेळी पोहता न येणारा माणूस मायेपोटी उडी घेतो आणि एकाच्या जागी दोन जीव जातात. बुडणारा हाती लागेल त्याला घट्ट धरून खाली दाबतो. म्हणून स्वतः काठावर आडवे पडून बांबू, काठी, झाडूचा दांडा पुढे करावा. नाहीतर दोरी फेकावी. दोरी नसेल तर आपल्या सुरतेत साड्यांना तोटा नाही. साडी पाच-साडेपाच मीटर लांब असते. तिचे एक टोक घट्ट धरून दुसरे फेकले, तर लहान हौदाच्या मध्यापर्यंत सहज पोहोचते. बूच लावलेला तेलाचा रिकामा कॅन त्या टोकाला बांधला, तर तो तरंगतो व आधारही देतो. अशी एक दोरी व कॅन हौदाच्या काठी कायम टांगून ठेवावे. दोन-तीन वर्षांचे मूल कंबरभर पाण्यात पडले असेल, तर मात्र चटकन उतरून त्याला उचलावे.

बाहेर काढल्यावर काय करावे, हे प्रत्येक घरातील निदान दोघांना आले पाहिजे. मूल हाकेला उत्तर देत नसेल व त्याचा श्वास चालत नसेल, तर एकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेसाठी फोन करावा आणि दुसऱ्याने तत्काळ उपचार सुरू करावा. मुलाला कठीण जागी उताणे निजवावे. कपाळ किंचित मागे व हनुवटी वर करावी. नाक चिमटीत धरून तोंडावर तोंड ठेवून छाती फुगेल इतपत पाच वेळा हवा द्यावी. तान्ह्या बाळाच्या नाकातोंडावर मिळून तोंड ठेवावे. बुडालेल्याच्या बाबतीत ही हवा आधी द्यावयाची असते, कारण त्याचे मूळ दुखणे प्राणवायूचा अभाव हेच असते. त्यानंतर छातीच्या मधोमध ३० दाब द्यावेत. त्यांचा वेग मिनिटाला १०० ते १२०. खोली, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर व मुलात छातीच्या जाडीच्या एक-तृतीयांश. मग पुन्हा दोन वेळा हवा, पुन्हा ३० दाब, असे रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा श्वास सुरू होईपर्यंत चालू ठेवावे. चार-सहा मिनिटांतच मेंदूला कायमची इजा होऊ लागते. म्हणून ‘डॉक्टर येऊ द्या’ म्हणून थांबता येत नाही.

काय करू नये, तेही सांगितले पाहिजे. मुलाला पाय धरून उलटे टांगणे, खांद्यावर टाकून गरगर फिरविणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार आपल्याकडे अजून चालतात. पोटातील पाणी काढून प्राण परत येत नाही. उलट ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो आणि मोलाची मिनिटे फुकट जातात. बुडालेल्याला मिठाच्या ढिगात ठेवले असता तो जिवंत होतो, असा एक संदेश मोबाइलवर फिरत असतो. तो निव्वळ खोटा आहे. मूल शुद्धीवर आले, हसू-बोलू लागले, तरी त्याला त्याच दिवशी इस्पितळात दाखवावे. खोकला, धाप किंवा ग्लानी काही तासांनंतर उद्भवू शकते.

ज्यांच्या घरी हौद नाही त्यांच्यासाठी

फार्महाऊसवर कधीच न जाणाऱ्या वाचकांनी येथवर वाचले असेल, तर त्यांचे श्रम वाया गेलेले नाहीत. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांतील चाळींत पाणी ठराविक वेळी येते, आणि म्हणून दाराशी पिंप भरून ठेवावे लागते. सोसायटीच्या जमिनीखालील टाकीत टँकरने पाणी भरताना लोखंडी झाकण बाजूला सारतात आणि ते पुष्कळदा तसेच राहते. बांधकामाच्या जागी पाण्याचे खड्डे असतात. चालू लागलेल्या बालकाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. बादलीत डोकावताना तोल गेला तर त्याला मागे येता येत नाही, आणि वीतभर पाणीही पुरे होते. नियम तोच: वापर नाही तेव्हा झाकण. रिकामी बादली पालथी ठेवावी, पिंपाला झाकण व त्यावर वजन असावे, टाकीच्या झाकणाला कुलूप असावे आणि त्याची किल्ली एका ठराविक माणसापाशी असावी.

शेवटचे व भक्कम झाकण

कुंपण, राखण, दोरी ही सारी बाहेरची साधने झाली. मुलाने स्वतः पोहायला शिकणे हे त्याच्याबरोबर आयुष्यभर जाणारे संरक्षण होय. आपल्या आजोबांच्या पिढीतील अनेकजण तापीच्या ओवाऱ्यांवर पोहायला शिकले. ती चाल आता मोडली आहे. पण नदी तीच आहे. ऑगस्ट २००६ च्या पुरात शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा पाणी घरातच आले होते. सुरत महानगरपालिकेचे तरणतलाव शहरात ठिकठिकाणी आहेत; सहा-सात वर्षांचे झाल्यावर मुलाला तेथे जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली घालावे. मुलगी व मुलगा असा भेद यात करू नये, कारण पाणी तो करीत नाही. मात्र पोहता येते म्हणून राखण सैल करू नये. शिकलेले मूल सुरक्षित होते असे नाही. त्याला वाचण्याची अधिक संधी मिळते, एवढेच.

शेवटी ट्रस्टच्या कार्यकारिणीस एक नम्र सूचना. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ साली ठराव करून २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिन म्हणून ठरविला आहे. आपल्याकडे तेव्हा पावसाळा भरात असतो. त्या सुमारास दरवर्षी आपल्या सभागृहात डॉक्टरांकरवी श्वास देण्याचे व छाती दाबण्याचे प्रात्यक्षिक ठेवावे. त्याला आई, आजी व मोठ्या मुलामुलींनी यावे. आणि सभासदांच्या सहलीसाठी जी वाडी ठरेल, तिला भाडे ठरविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: हौदाला चारही बाजूंनी कुंपण आहे का? तळाची जाळी शाबूत आहे का? काठावर दोरी आहे का? गिऱ्हाईकच असे विचारू लागले, की मालकही हळूहळू सुधारणा करतील. त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागणार नाही, आणि त्या कुंपणाआड रखवालदाराचे पोरही वर्षभर सुखरूप राहील.